मावशीची ‘नॅनो’

अलिबाग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो, डेकवर गॉगल लावून काढलेले फोटो, मांडव्याला उतरल्या उतरल्या घेतलेली पहिली कॉफी. आणि महिना जानेवारीचा असेल तर पोपटी! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन असं सगळं कोंबून ते उपडं घालायचं, भोवती जाळ करायचा आणि जाळाभोवती ऑफिसची अख्खी गँग. यंदाही आमची गँग निघाली होती. (माझं ऑफिस म्हणजे माझा लॅपटॉप. पण जुन्या ऑफिसची गँग मला अजून धरून आहे.) मांडव्याला उतरल्यावर ते सगळे किहीमच्या दिशेने गेले आणि मी एकटी नागावला. मावशीकडे.

मावशीला गणपतीच्या आधी ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशन झालं, लाल औषधाचे चार डोस झाले. ज्यांच्या घरात कुणी यातून गेलंय त्यांना ‘लाल औषध’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. केस गेले. आता दर सोमवारी एक, असे दुसऱ्या औषधाचे बारा डोस चालू आहेत. पहाटेची एसटी, वडखळ-पेण करत पनवेल, तिथून रिक्षा, हॉस्पिटल, सलाइन आणि रात्री परत नागाव. बारापैकी चार झाले होते.

मी पोचले तेव्हा मावशी पडवीत बसली होती. समोर वालाच्या शेंगा. सोलायला घेतल्या होत्या, पण बोटं चालत नव्हती. ‘मुंग्या येतात गो. ब्लाउजचा हूक लागत नाय.’ तोंड आलेलं, त्यामुळे जेवण म्हणजे ताकभात. हे सगळं तिने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली, ‘तसापण पाचवा डोस मी घेणार नाय. नॅनो येईपर्यंत थांबते.’

खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर आधी गाडी आली. तीच ती, २००८ मध्ये रतन टाटांनी दाखवलेली लाखाची गाडी. ‘मावशी, ती २०१८ लाच बंद झाली,’ असं मी म्हणालेसुद्धा. मावशीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी शाळेत नापास झाले होते तेव्हाची होती. ती उठली, आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली.

त्या डब्यात मी होते! माझं छापून आलेलं झाडून सगळं. मॉलमधल्या सेलची बातमी, कॉलेज फेस्टिव्हल, एका हिरोईनची तीन प्रश्नांची मुलाखत. मावशीने कात्रीने नीट कापून, तारखा घालून ठेवलेलं. त्यातलं एक कात्रण तिने काढून माझ्या हातात दिलं. ‘कॅन्सरवर सुटला नॅनो-बाण!’ खाली माझं नाव, बोल्डमध्ये.

‘तूच लिहिलंयस ना?’

हो. मीच लिहिलं होतं. मासकॉमची डिग्री घेऊन पहिल्या नोकरीला लागले होते, वय वर्षं बावीस. परदेशी विद्यापीठाची एक प्रेसनोट आली होती. सोन्याचे सूक्ष्म कण, त्यावर औषध, औषध थेट गाठीत, गाठ गायब. चाळीस मिनिटांत मी बातमी केली. पानात जागा कमी पडली म्हणून खालचे दोन परिच्छेद कापले गेले. उंदीर त्या दोन परिच्छेदांत होते. आता तुम्ही म्हणाल, मग कापणाऱ्याची चूक. तसं नाही. उंदीर मी मुद्दाम खाली ठेवले होते. पहिल्या परिच्छेदात उंदीर आले की बातमी छोटी होते, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं.

बातमी आली त्या दिवशी बीडहून एका माणसाचा फोन आला होता. हे औषध मुंबईत कुठे मिळेल, विचारत होता. ‘अजून संशोधन चालू आहे’ असं काहीतरी मी बोलले आणि फोन ठेवला. तो फोन मी साफ विसरले होते. नागावच्या पडवीत तो पुन्हा वाजला.

तर मुद्दा असा, की त्या संध्याकाळी मला सहा वर्षं उशिरा माझी बातमी पूर्ण करावी लागली. वाचक एकच, आणि तिचा पाचवा डोस परवाच्या सोमवारी!

‘नॅनो’ म्हणजे काय, हे सोपं आहे. एका मीटरचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे नॅनोमीटर. आपल्या रक्तातली लाल पेशी साधारण सात हजार नॅनोमीटरची. औषधासाठी वापरतात ते कण बहुतेक शंभराच्या आगेमागे, म्हणजे एका लाल पेशीच्या रुंदीत सत्तर कण रांगेत उभे राहतील. कण चरबीचा असेल, प्रथिनाचा असेल, सोन्याचा किंवा लोखंडाच्या ऑक्साइडचा असेल. नुसता कण काही करत नाही. त्याला ‘तयार’ करावं लागतं. पोटात औषध भरायचं, वर असं आवरण चढवायचं की शरीराच्या पहारेकऱ्यांना तो चटकन ओळखू येऊ नये, आणि हौस असेल तर आवरणावर अँटिबॉडी लावायची, जी कॅन्सरच्या पेशीलाच जाऊन चिकटेल. कागदावर तर एकदम भारी.

‘पण त्याला गाठ सापडते कशी?’ मावशीचा प्रश्न. (माझ्या त्या वेळच्या संपादकांनी हा विचारला नव्हता.)

१९८६ मध्ये जपानमध्ये हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी यावर एक महत्त्वाची गोष्ट मांडली. गाठ घाईघाईत वाढते, त्यामुळे तिच्यातल्या रक्तवाहिन्याही घाईत बांधलेल्या, गळक्या असतात. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून जे मोठे कण बाहेर पडू शकत नाहीत, ते इथे फटींतून पाझरतात. शिवाय गाठीत निचऱ्याची सोय धड नसते, म्हणून आत गेलेलं आतच राहतं.

हे मी वहीत चित्रं काढून समजावत होते. मावशी म्हणाली, ‘म्हणजे खांड पडल्यासारखं.’

मावशीचं माहेर खारेपाटातलं. म्हणजे माझं आजोळच, पण मी तिथे मे महिन्याच्या सुट्टीपलीकडे राहिलेली नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अलिबाग-पेणच्या खाड्यांच्या काठाने भातशेती आहे, भरतीच्या पाण्याच्या पातळीला खेटून. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घातलेत. खेकडे त्यात बिळं करतात, उधाणाला बांध फुटतो. ते भगदाड म्हणजे खांड. एकदा खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि ओहोटी लागली तरी सगळं बाहेर जात नाही. साचून राहतं. शेत नापीक. मावशीने लहानपणी रात्री कंदील घेऊन खांड बुजवायला जाणारी माणसं बघितलीत.

माएदांचा सिद्धांत मला इतक्या सोप्या भाषेत मासकॉमला कुणी शिकवला असता तर! फक्त इथे खांड आपल्या फायद्याची, औषध आत शिरायला.

‘मग सगळ्या बांधांना खांडी सारख्याच कशा असतील?’ मावशी म्हणाली. ‘कुठे मोठी, कुठे नायच.’

इथेच तर सगळं अडतं. प्रयोगशाळेतल्या उंदराची गाठ काही आठवड्यांत वाढवलेली असते, उंदराच्या मानाने भली मोठी असते आणि तिला खांडीच खांडी. माणसाची गाठ कित्येक महिने, वर्षं घेत वाढलेली. तिचा एक भाग गळका, दुसरा घट्ट, तिसऱ्यात रक्तच पोचत नाही. आणि गाठीपर्यंत जाण्याआधी वाटेत लिव्हर आणि प्लीहा बसलेले असतात. रक्तातून फिरणारं परकं काही दिसलं की ते उचलायचं, हे त्यांचं कामच. त्याशिवाय कण रक्तात उतरला रे उतरला की रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात आणि आपण हौसेने लावलेली अँटिबॉडी त्या गर्दीत झाकून जाते.

२०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने मागच्या दहा वर्षांतले शोधनिबंध गोळा करून एक हिशेब मांडला. शरीरात सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचतात किती? मध्यक आकडा आला ०.७ टक्के. हजारात सात. तोही उंदरांमध्येच! मोजण्याच्या पद्धतीवर नंतर वाद झाले, काहींनी वेगळ्या रीतीने मोजून जास्त आकडे काढले. पण ‘थेट गाठीत’ हा माझ्या बातमीतला शब्दप्रयोग त्या हजारातल्या सातांवर उभा होता. आणि हा हिशेब मी बातमी लिहिली तेव्हा छापून आलेला होता. मी शोधला नाही, इतकंच.

त्याच वर्षी आणखी एक झालं. अमेरिकेत बाइंड थेरप्युटिक्स नावाची कंपनी होती. एमआयटीचे रॉबर्ट लँगर आणि ओमिद फरोखजाद यांच्या कामातून निघालेली, म्हणजे या क्षेत्रातली सचिन-द्रविडची जोडी समजा. तिचे कण अगदी वर सांगितल्यासारखे, पोटात डोसेटॅक्सेल आणि बाहेर निशाणा धरणारा रेणू. जगभर गाजावाजा झाला. चाचण्यांत अपेक्षेइतकं यश मिळालं नाही आणि मे २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे तिची मालमत्ता फायझरने विकत घेतली. बंद पडलेल्या औषधांच्या बातम्या कुणी कापून डब्यात ठेवत नाही.

एव्हाना मावशीचा चेहरा पडला होता आणि मला स्वतःचा राग आला. आधी खोटी आशा दिली, आता तीही काढून घेते की काय मी? म्हणून मी लगेच दुसरी बाजू लावली. ती खोटी नाही, नाहीतर मी लावली नसती.

नॅनो ‘येणार’ नाहीये. ती कधीच आलीय. मावशीचं जे लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, तेच चरबीच्या सूक्ष्म गोळीत बंद करून डॉक्सिल या नावाने १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जेरुसलेमच्या बेरेनहोल्ट्झ आणि गॅबिझॉन यांचं काम. साधं लाल औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, चरबीत बंद केल्यावर तो धोका बराच कमी होतो. त्याची आपली भारतीय आवृत्तीही आहे, सन फार्माची लिपोडॉक्स. गोरेगावला हायवेवरून जाताना ज्यांचं मुख्यालय दिसतं तेच हे. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला तेव्हा तिथल्या एफडीएने हीच लिपोडॉक्स खास परवानगी देऊन मागवली. ट्रॅफिकमध्ये अडकलात की आठवा, बरं वाटेल.

आणि मावशीचं सध्याचं औषध, पॅक्लिटॅक्सेल. हे मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलेलं, आणि पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावणात मिसळून देतात. (‘एरंडेल? शिरेतून?’ मावशी अवाक्.) त्या द्रावणाची काहींना ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड वगैरे टोचतात. यावर तोडगा म्हणून औषध अल्ब्युमिन या प्रथिनाच्या १३० नॅनोमीटरच्या कणांत बसवलं गेलं. ते ॲब्रॅक्सेन, अमेरिकेत मंजुरी २००५. भारतात डाबर फार्माने २००७ मध्ये पॉलिमरचे कण वापरून नॅनोक्सेल आणलं. म्हणजे मी बाण सोडला त्याच्या दहा वर्षं आधी हे दुकानात होतं. आणि ते बाण नव्हेत. तेच औषध, कमी त्रासदायक डब्यात. नॅनोचं आजवरचं मोठं काम हे एवढंच आहे आणि ज्याच्या शिरेत सुई आहे त्याच्यासाठी ते ‘एवढंच’ नाही.

‘हे सगळं अमेरिका आणि जपान,’ मावशी म्हणाली. ‘आपल्याकडे कोण काय करत नाय?’

करतात की. आणि आपल्याच जिल्ह्यात! खारघर रायगडात येतं हे खारघरमध्ये टू-बीएचके घेतलेल्यांनाही लक्षात नसतं, पण येतं, पनवेल तालुक्यात. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे, साठ एकरांचं आवार. १९५२ मध्ये परळला सुरू झालेली कॅन्सर संशोधन संस्था २००२ मध्ये इथे आली. तिची सुरुवात करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात ते. (आणि हो, टाटा मेमोरियल आता टाटांचं नाही, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेव्हा ‘टाटांची नॅनो’ हा जोक इथे चालत नाही. मी मारून बघितला.)

तिथे डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने नॅनोकणांना जे काम दिलं ते ऐकून मला पहिल्यांदा या विषयात मजा वाटली. गाठीवर नेम धरायचाच नाही. झाडू मारायचा!

त्यांचं म्हणणं असं. पेशी मरते तेव्हा तिच्यातला डीएनए आणि तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती, यांचे तुकडे रक्तात सांडतात. केमोने एकदम खूप पेशी मरतात, मग तुकडेही खूप. हे तुकडे जाऊन चांगल्या पेशींत घुसतात, तिथला डीएनए बिघडवतात, सूज आणतात. म्हणजे केमोचा जो त्रास आपण औषधाच्या माथी मारतो, त्यातला काही भाग औषधाचा नसून मेलेल्या पेशींच्या कचऱ्याचा आहे. हे सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य आहे असं नाही. पण समजा खरं असेल, तर कचरा उचला की त्रास कमी.

उचलायला त्यांनी पुल्युलन घेतलं. बुरशीपासून मिळणारी ही एक प्रकारची साखर. तिचे नॅनोकण करून त्यावर हिस्टोनला पकडणाऱ्या अँटिबॉडी बसवल्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेबरोबर केलेलं हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये पुढचा निबंध आला. वेगवेगळी केमोची औषधं दिलेल्या उंदरांना हे कण दिले तेव्हा त्रास कमी झाला. (उंदरांना. बघा, लिहिलं.) त्याच प्रयोगात आणखी एक साधा उपाय होता, द्राक्षाच्या सालीत सापडणारं रेझव्हेराट्रॉल आणि अगदी किंचित तांबं. दोन्ही एकत्र आले की ऑक्सिजनचे असे उग्र रेणू तयार होतात जे त्या तुकड्यांचा भुगा करतात. अँटिबॉडी लावलेल्या कणांपेक्षा हे कितीतरी स्वस्त, आणि तोंडाने घेता येणारं. माणसांपर्यंत हेच आधी पोचलं. मायलोमाच्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांना जबरदस्त डोस देऊन ट्रान्सप्लांट करतात, त्यात तोंड भयंकर येतं. अशा रुग्णांवरचा छोटा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंड येण्याची तीव्रता कमी दिसली. अभ्यासात एकूण रुग्ण २५.

पंचवीस! आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यापेक्षा जास्त माणसं आहेत.

आणि त्याच ग्रुपवर फेब्रुवारी २०२४ मध्ये काय आलं होतं ते तुमच्याही फोनमध्ये असेल. ‘टाटाची शंभर रुपयांची गोळी, कॅन्सर परत येणारच नाही!’ संस्थेच्या डॉक्टरांनी वृत्तवाहिन्यांना माहिती दिली होती, त्यात उंदरांवरचे प्रयोग होते, गोळी तेव्हा मंजुरीच्या प्रतीक्षेत होती आणि बाहेरच्या अनेक डॉक्टरांनी मोठ्या चाचण्यांशिवाय असं बोलू नका म्हणून जाहीर सुनावलंही. पण फॉरवर्डमध्ये यातलं काही नव्हतं. माझ्यासारखीच कुणीतरी बावीस वर्षांची मुलगी चाळीस मिनिटं घेऊन बसली असणार. मी तिला नावं ठेवू शकत नाही.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. नंतर शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, ‘डॉक्टरला विचारू. मग बघू.’ म्हणजे ‘घेते’ असं ती म्हणाली नाही. रविवारभर विषय बंद. गँगने पोपटीचे फोटो पाठवले, मी अंगठा पाठवला.

सोमवारी तिच्याबरोबर मीही पहाटेच्या एसटीत. मावशी खिडकीशी, डोक्याला स्कार्फ, मांडीवर फाइल. हॉस्पिटलात नंबर लागला आणि डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठ्या निघाल्या. मावशीने बसायच्या आधीच विचारलं, ‘मला नॅनोवालं मिळेल काय?’

त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, मिळेल, आहे आपल्याकडे. तुम्हाला या औषधाची ॲलर्जी आली असती तर मीच तिकडे वळवलं असतं. पण का हवंय?

‘बोटांसाठी.’

मग त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन पडताळून बघितलं. शरीरात पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ४५४ रुग्णांवर ॲब्रॅक्सेनची मोठी चाचणी झाली होती, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दर तीन आठवड्यांनी डोस. गाठ आकसण्याचं प्रमाण नॅनोवाल्या औषधाने ३३ टक्के, साध्याने १९. पांढऱ्या पेशी अगदी तळाला जाण्याचं प्रमाणही नॅनोत कमी. पण हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास? साध्याने २ टक्के, नॅनोने १०. नॅनोत डोसही जास्त देता येतो, त्याचा हा दुसरा हिशेब. म्हणजे मावशीची ज्याबद्दल तक्रार होती तीच गोष्ट तिच्या नॅनोने वाढण्याची शक्यता! मावशीची गाठ काढलेली, आजार पसरलेला नाही, तिच्यासाठी दर आठवड्याचं साधं पॅक्लिटॅक्सेलच पुरेसं तपासलेलं आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

‘पण बोटांचं तुम्ही आधी का नाही सांगितलं?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘चार आठवडे झाले.’

मावशी गप्प. मग म्हणाली, ‘तुम्ही ओरडाल वाटलं. आणि गर्दी किती असते.’

मी सहा वर्षांपूर्वीच्या बातमीचा, टोरांटोचा, जेरुसलेमचा सगळा हिशेब मावशीला दिला होता. बोटांबद्दल डॉक्टरांना सांगितलंस का, हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. त्यांनी मावशीला डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावून बघितला, सुईचं टोक लावून बघितलं. बटण लावायला दिलं. डोस थोडा कमी केला, पुढच्या वेळी वाढलं तर एक आठवडा थांबू म्हणाल्या. तोंडासाठी गुळण्यांचं औषध लिहून दिलं. आणि सलाइन चालू असताना हातांना बर्फाचे मोजे घालून बघा, सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही पण काहींना होतो, असं म्हणाल्या.

मग पाचवा डोस. मावशी आरामखुर्चीत, दोन्ही हात बर्फात. ‘कोळणी कशा बसत असतील गो दिवसभर?’ एवढंच ती बोलली. मी शेजारी स्टुलावर. बाटलीतलं औषध दिसायला पाण्यासारखं, त्यात एरंडेलाची कारागिरी आहे हे बघून कळत नाही. पलीकडच्या खुर्चीवरच्या काकांनी हळूच मला विचारलं, तुमच्या पेशंटला काही वेगळं औषध चालू आहे का, तुम्ही मघाशी नॅनो-नॅनो म्हणत होता. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी उंदरांपासून सुरुवात केली.

रात्री साडेनऊला नागावला पोचलो. मावशीने ताकभात खाल्ला, गुळण्या केल्या आणि झोपायच्या आधी तो पत्र्याचा डबा पुन्हा काढला. मला वाटलं कात्रण फाडून टाकते. तिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि वर बॉलपेन.

‘तुझं नाव आहे, फाडणार नाय. पण उंदीर लिही वर.’

मी ‘कॅन्सरवर’च्या आधी बारीक अक्षरात ‘उंदरांच्या’ लिहिलं. मावशीने चष्मा लावून वाचलं, ‘मोठं लिही,’ म्हणाली. मी मोठं लिहिलं. मग तिने कात्रण घडी घालून मॉलच्या सेलच्या खाली ठेवलं आणि झाकण बसवायला डबा माझ्याकडे दिला. तिच्या बोटांनी ते बसत नव्हतं.